कनेक्टर लहान म्हणून लॉस जास्त?

ऑप्टिकल फायबर जोडायला एससी आणि त्याहून लहान एलसी असे कनेक्टर वापरतात. ‘एससीपेक्षा एलसी नाजूक, म्हणून लॉसही (जोडणीत वाया जाणारा प्रकाश) जास्त’ हे अजूनही ऐकू येतं. त्यात तथ्य नाही. एससीचा फेरूल (फायबर धरणारी टोकाची बारीक नळी) 2.5 मिमी व्यासाचा, एलसीचा 1.25 मिमी; पण आतली फायबर दोन्हीकडे तीच, 125 मायक्रॉनची. सिंगल-मोड फायबरमध्ये (प्रकाशाला एकच वाट देणाऱ्या) प्रकाश जातो जेमतेम 9 मायक्रॉनच्या गाभ्यातून. दोन गाभे समोरासमोर नेमके आले, की काम झालं. ते जुळवते दोन कनेक्टर जोडणाऱ्या अ‍ॅडॉप्टरमधली उभी चीर ठेवलेली सिरॅमिक नळी (स्लीव्ह). एसएन, एमडीसी हे त्याहून आटोपशीर प्रकारही 1.25 मिमीचाच फेरूल वापरतात. आक्रसलं ते बाहेरचं घर. कनेक्टरांनी गच्च भरलेल्या पॅनेलमध्ये बोट शिरत नाही, म्हणून कनेक्टर ओढायची पट्टी आली. लॉस वाढलाच तर आधी कनेक्टरचं टोक मायक्रोस्कोपखाली धरा. बहुतेकदा धूळच सापडते, पाकिटातून नुकत्याच काढलेल्या कॉर्डवरसुद्धा!