हायब्रिड की पूर्ण इलेक्ट्रिक? आधी पार्किंगमधला प्लग बघा

हायब्रिड (इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेली गाडी) म्हणून बाजारात तीन निराळ्या प्रकारच्या गाड्या मिळतात. त्यातली नेमकी कोणती, हे ठरल्याशिवाय इलेक्ट्रिकशी तुलना करण्यात अर्थ नाही.

माइल्ड हायब्रिडमध्ये अल्टरनेटरच्या (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) जागी पट्ट्यावर फिरणारी छोटी मोटर असते. ती वेग घेताना इंजिनाला हातभार लावते आणि सिग्नलला बंद पडलेलं इंजिन झटकन सुरू करते, पण एकटी गाडी ओढत नाही. हिला पेट्रोल गाडीच समजावं. स्ट्राँग हायब्रिडमध्ये साधारण १ ते २ युनिट क्षमतेची बॅटरी आणि गाडी स्वतः ओढू शकणारी मोटर असते (युनिट म्हणजे किलोवॉट-तास, वीजबिलावर असतं तेच). १९९७ साली जपानमध्ये विक्रीला आलेली टोयोटा प्रियस या जातीची. तिसरी प्लग-इन हायब्रिड. तिची बॅटरी बहुधा १० ते २५ युनिटांची असते, प्लगवर चार्ज होते, आणि ती संपली की पुढचा प्रवास इंजिनावर. पूर्ण इलेक्ट्रिकमध्ये इंजिन, पेट्रोलची टाकी, सायलेन्सर यातलं काहीच नसतं; बॅटरी बहुतेकदा ३० ते ८० युनिटांची.

‘स्वतःच चार्ज होणारी’ अशी स्ट्राँग हायब्रिडची जाहिरात होते आणि ती दिशाभूल करते. त्या बॅटरीत जाणारी सगळी वीज शेवटी टाकीतल्या पेट्रोलातूनच आलेली असते. ब्रेक लावताना मोटर जनरेटरसारखी फिरते आणि वाया जाणारा वेग विजेच्या रूपात परत मिळतो, पण तो वेगही पेट्रोल जाळूनच आलेला होता. म्हणून हायब्रिड ही पेट्रोल उत्तम तऱ्हेने वापरणारी गाडी आहे, अर्धी इलेक्ट्रिक नव्हे. तिची करामत इंजिनात आहे. बऱ्याच स्ट्राँग हायब्रिडमध्ये ॲटकिन्सन पद्धतीचं, म्हणजे थोडा जोर सोडून इंधन वाचवणारं, इंजिन असतं. कमी वेगात ते जोर कमी देतं, ती उणीव मोटर भरून काढते, आणि इंजिनाला बहुतेक वेळ त्याच्या सोयीच्या टप्प्यात चालवता येतं. गर्दीच्या रस्त्यावर त्याचा फायदा ठळक दिसतो. महामार्गावर ब्रेक क्वचित लागतो, इंजिन जवळजवळ सतत चालतं, आणि साध्या पेट्रोल गाडीशी असलेलं अंतर बरंच कमी होतं.

इलेक्ट्रिकचंही बलस्थान शहरच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून ११० किलोमीटरवर गेलात की तो जवळपास दुप्पट होतो. त्यामुळे कंपनीने सांगितलेला पल्ला ४०० किलोमीटर असेल तर महामार्गावर ३०० धरून चाला. वाटेत १० ते ८० टक्के एवढाच भाग वापरायचा असतो, म्हणजे दोन थांब्यांमधलं खरं अंतर २१० किलोमीटर. ८० टक्क्यांच्या पुढे जलद चार्जिंग मुद्दाम मंद होतं, कारण भरत आलेल्या सेलमध्ये जोरात विद्युतप्रवाह ढकलला तर लिथियम धातूच्या रूपात साचू लागतं आणि सेल कायमचा खराब होतो. तिथे १०० टक्क्यांसाठी ताटकळत बसू नये. कडाक्याच्या थंडीत हा पल्ला आणखी घटतो, कारण गाडी गरम ठेवायला इंजिनाची फुकट उष्णता नसते.

निर्णयाचं मूळ मात्र वेगळंच आहे: गाडी रात्री जिथे उभी राहते तिथे तुमच्या हक्काची वीज आहे का?

असेल, तर हिशेब करून बघा. दिवसाला ४० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला, एका युनिटला साडेसहा किलोमीटर धरले, तर सहा-सव्वासहा युनिटं लागतात. चार्जिंगमधली दहा-बारा टक्के घट धरून सात. ३.३ किलोवॉटच्या साध्या चार्जरवर हे दोन तासांचं काम आहे. ७.४ किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर सोयीचा असतो, पण प्रत्येकाला त्याची गरज नसते. आणि गाडीच्या आतला चार्जरच ३.३ किलोवॉटचा असेल, तर भिंतीवर कितीही मोठा डबा लावा, वेग वाढणार नाही. हे गाडी ठरवतानाच विचारून घ्या.

बहुतेक अडचणी वायरिंगमध्ये येतात. २३० व्होल्टवर ३.३ किलोवॉट म्हणजे १४ अँपिअरहून जास्त प्रवाह, तोही तासन्‌तास. गिझर वीस मिनिटांत बंद होतो, चार्जर होत नाही. म्हणून जुन्या सॉकेटमधली सैल जोडणी तापून वितळते. मीटरपासून वेगळी ओढलेली ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि औद्योगिक प्रतीचा १६ अँपिअरचा सॉकेट घ्या. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. ७.४ किलोवॉटला ३२ अँपिअर लागतात: किमान ६ चौरस मिलिमीटर वायर (अंतर लांब असेल तर १०), ४० अँपिअरचा एमसीबी आणि गळती पकडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. तो ‘टाइप बी’ असावा. किंवा ‘टाइप ए’ चालेल, पण मग चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची) गळती ओळखण्याची सोय हवी. घरात नेहमी बसवला जाणारा ‘टाइप एसी’ इथे भरवशाचा नाही, कारण डीसी गळतीमुळे तो ऐनवेळी पडतच नाही. आणखी एक: नवा चार्जर ‘बिघडलाय’ अशी तक्रार असेल तर आधी अर्थिंग तपासा. अर्थिंग नीट नसेल तर बहुतेक चार्जर सुरूच होत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

प्लगची सोय नसेल, होण्याची शक्यताही नसेल, तर स्ट्राँग हायब्रिड घ्या. कामाच्या ठिकाणी रोज चार्जिंग मिळत असेल तर गोष्ट वेगळी. पण निव्वळ सार्वजनिक चार्जरवर विसंबून इलेक्ट्रिक घेणाऱ्याचा उत्साह टिकत नाही. तिथे सहसा युनिटचा दर घरापेक्षा जास्त असतो, रांग असते, कधी यंत्र बंद असतं.

प्लग-इन हायब्रिड ऐकायला दोन्हीचा सुवर्णमध्य वाटते, पण ती रोज प्लगला लावणाऱ्यालाच शोभते. चार्ज न करता चालवली तर जड बॅटरीचं ओझं वाहणारी महागडी पेट्रोल गाडी हातात राहते. उलट फक्त विजेवर चालवली तर टाकीतलं पेट्रोल महिनोन्‌महिने पडून शिळं होतं, आणि क्वचित चालणारं इंजिन पुरेसं गरम न होताच बंद झाल्याने तेलात पेट्रोल व पाणी मिसळतं. टाकी अर्ध्याहून कमी ठेवावी आणि महिन्यातून एकदा अर्धा तास इंजिनावर चालवावी.

पैशांचं गणित स्वतःच्या आकड्यांवर करा. पेट्रोलचा दर भागिले हायब्रिडचं खरं ॲव्हरेज, समजा २२; विजेचा दर भागिले ६ (चार्जिंगमधली घट धरून). दोन्हींतला प्रति किलोमीटर फरक वर्षाच्या किलोमीटरांनी गुणा, आणि गाड्यांच्या किमतीतल्या फरकाला त्याने भागा. उत्तर आठ वर्षांच्या पलीकडे जात असेल तर निव्वळ पैशासाठी इलेक्ट्रिक घेऊ नका.

पर्यावरणाचा हिशेबही असाच उघड मांडता येतो. लिटरभर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. उत्खनन, शुद्धीकरण, वाहतूक धरून त्यात साधारण पाचवा हिस्सा आणखी. हायब्रिडचे १०० किलोमीटर म्हणजे साडेबारा किलो. इलेक्ट्रिकला तेवढ्यासाठी प्लगमधून १७ युनिटं लागतात. निव्वळ कोळशाच्या विजेवर त्याचे सोळा-सतरा किलो होतात, म्हणजे तिथे हायब्रिड सरस. विजेच्या एका युनिटमागे ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड असेल तर दोघी बरोबरीत येतात, आणि ४०० ग्रॅमवर इलेक्ट्रिक सातच्या आत राहते. मोठी बॅटरी बनवताना आधीच काही टन उत्सर्जन झालेलं असतं. ते ३ टन धरलं तर या शेवटच्या परिस्थितीत पन्नास-पंचावन्न हजार किलोमीटरमध्ये फिटतं. गच्चीवर सौर पॅनेल असेल आणि गाडी दिवसा घरी असेल तर त्याहूनही लवकर.

देखभाल इलेक्ट्रिकची कमी, पण शून्य नाही. इंजिन ऑइल, स्पार्क प्लग नसतात. ब्रेक फ्लुइड मात्र बहुतेक गाड्यांत दोन वर्षांनी बदलावं लागतं, कारण ते हवेतलं पाणी शोषतं. वजन आणि तत्काळ मिळणाऱ्या जोरामुळे टायर लवकर झिजतात. ब्रेक कमी वापरल्याने डिस्कवर गंज चढतो. आठवड्यातून एकदा रस्ता मोकळा बघून जरा जोराने ब्रेक लावावेत. हायब्रिडला इंजिनाची नेहमीची सर्व्हिसिंग तर असतेच, शिवाय अनेक मॉडेलमध्ये बॅटरी थंड ठेवणारा पंखा मागच्या सीटजवळून हवा ओढतो. तिथली जाळी धुळीने, कुत्र्या-मांजरांच्या केसांनी बुजली की बॅटरी तापते आणि अकाली मरते. दर सर्व्हिसला ती साफ करून घ्या, तिच्यावर पिशव्या ठेवू नका. आणि दोन्ही प्रकारांत साधी १२ व्होल्टची बॅटरी असते. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

वापरलेली गाडी घेत असाल तर डॅशबोर्डवरच्या पल्ल्याच्या आकड्यावर विसंबू नका. तो आधीच्या चालकाच्या सवयीवरून काढलेला अंदाज असतो. स्कॅनर लावून बॅटरीची उरलेली क्षमता आणि सेलमधला व्होल्टेजचा फरक बघा. अनेक कंपन्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत ७० टक्के क्षमतेची हमी देतात. ती दुसऱ्या मालकाला लागू होते का, हे लेखी घ्या.