हेड सिमेंट आणि सुपरग्लू: फ्लाय बांधताना कुठे काय वापरावे

मासेमारीच्या फ्लाय, म्हणजे गळावर दोरा आणि पिसे गुंडाळून केलेली नकली आमिषे, बांधणाऱ्यांच्या टेबलावर हेड सिमेंट आणि सुपरग्लू या दोन्हींच्या छोट्या बाटल्या सहसा शेजारी असतात. दोन्ही द्रव पारदर्शक असतात, थेंबाथेंबाने वापरले जातात आणि दोन्हींमुळे फ्लाय जास्त टिकते. त्यामुळे नवशिक्याला एकाच्या जागी दुसरे चालेल असे वाटते. वास्तविक सिमेंटने दोऱ्याचे रक्षण करायचे असते आणि सुपरग्लूने साहित्य गळाच्या दांडीला जखडायचे असते.

हेड सिमेंट म्हणजे द्रावकात विरघळवलेले पातळ रोगण. द्रावक उडून गेले की मागे राळेचा थर उरतो, आणि म्हणूनच बाटलीत दाट झालेले सिमेंट थिनरचे थेंब घालून पुन्हा पातळ करता येते. व्हिप फिनिशची, म्हणजे दोरा स्वतःच्याच वेढ्यांखाली ओढून घेणारी, शेवटची गाठ मारून दोरा कापल्यावर सुईच्या टोकाने दिलेला पहिला पातळ थेंब वेढ्यांच्या आत मुरतो आणि गाठ उकलू देत नाही. तो पुरता वाळल्यानंतर दिलेला दुसरा, किंचित दाट थर दातांच्या आणि दगडांच्या घासण्यापासून दोरा वाचवतो. पहिलाच थेंब दाट असेल तर तो वरच्या वरच राहतो, फ्लायचे डोके, म्हणजे गळाच्या नेढ्यालगतचे दोऱ्याचे वेढे, चकचकीत दिसते आणि आतली गाठ मात्र कोरडीच राहते.

सुपरग्लू, म्हणजे सायनोॲक्रिलेट, वाळत नाही. पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ओलाव्याशी संपर्क येताच त्याचे रेणू एकमेकांशी साखळीने जोडले जातात, म्हणून तो काही सेकंदांत घट्ट होतो. ईस्टमन कोडॅकमध्ये हॅरी कूव्हर यांच्या गटाला १९४२ मध्ये बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधताना तो सापडला आणि अतिचिकट म्हणून बाजूला ठेवला गेला; बाजारात तो १९५८ मध्ये आला. आपल्याकडचे फेविक्विक त्याच जातीचे आहे. कोकणातल्या पावसाळी हवेत उघडी राहिलेली बाटली लवकर निकामी होते, तेही याच ओलाव्यामुळे.

या घट्टपणाचे खरे मोल फ्लायच्या पोटात आहे. क्लाउझर मिनो या छोट्या माशासारख्या फ्लायचे जड धातूचे डोळे इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे कितीही ताणून दिले तरी कालांतराने दांडीभोवती फिरतात. त्या वेढ्यांत सुपरग्लूचा एक थेंब मुरला की ते जागचे हलत नाहीत. मोरपिसाचे तंतू तर इतके नाजूक असतात की एका माशाच्या दातांनीही तुटतात. दांडीवरच्या दोऱ्याला ग्लूचा पातळ हात देऊन तो ओला असतानाच तंतू गुंडाळले, तर एखादा तंतू तुटला तरी बाकीचे उलगडत नाहीत. इंग्लंडचे फ्रँक सॉयर यांनी आपल्या फेझंट टेल निम्फ या फ्लायमध्ये दोऱ्याऐवजी तांब्याची बारीक तारच वापरली आणि टिकाऊपणाचा प्रश्न गोंदाविनाच सोडवला, हे मला विशेष मोलाचे वाटते.

मात्र हॅकल (गळाभोवती गुंडाळायचे पीस) आणि मॅराबू (मऊ, लवलवते पीस) यांच्या जवळ सुपरग्लू नेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. तो तंतूंच्या कडेने झरझर चढतो, पाण्यात हलण्यासाठीच निवडलेले पीस काडीसारखे ताठ होते आणि त्याच्या वाफेने कधी कधी पांढरट डागही पडतात. सॅल्मन फ्लायवर लावतात त्या राखी रानकोंबड्याच्या मानेच्या पिसांना उभी चीर गेली असेल, तर तीही पातळ सिमेंटनेच सांधावी. हा पक्षी आपल्या सह्याद्रीतला असला तरी बांधणाऱ्यांना मिळणारी पिसे आता पाळलेल्या पक्ष्यांची असतात.

अगदी बारीक गळांवर मी अपवाद मान्य करतो. तिथे सिमेंटचा थेंबच डोक्यापेक्षा मोठा ठरतो, म्हणून गाठ मारण्याआधी दोऱ्याच्या दोन-तीन सेंटीमीटर भागाला किंचित सुपरग्लू लावून त्याच दोऱ्याने व्हिप फिनिश करावी. पण हात चपळ हवा आणि गळाचे नेढे लगेच तपासावे. नेढ्यात शिरलेले सिमेंट ओले असताना जुन्या पिसाचा दांडा आरपार ओढून काढता येते, वाळल्यावरही सुईने टोकरता येते. सुपरग्लू मात्र घट्ट झाला की ॲसिटोन लागते, आणि ते शेजारच्या डोक्यावरचे सिमेंटही विरघळवते.