रेडिएटर-पंखा, जुन्या स्पोर्ट्स मोटारींतील

मोटारीच्या रेडिएटरमधून (एंजिनातील गरम पाणी थंड करणाऱ्या जाळीतून) हवा खेचणारा किंवा ढकलणारा पंखा. गाडी वेगात असताना समोरचा वारा रेडिएटरला पुरतो. साधारणपणे ताशी ६०–७० किमी.च्या पुढे पंख्याचा वाटा नगण्य होतो. त्याची खरी गरज गाडी उभी असताना, गर्दीत रेंगाळताना आणि घाट चढताना पडते. प्रस्तुत नोंदीत सु. १९५० ते १९८० या काळातील, पाण्याने थंड होणाऱ्या एंजिनांच्या स्पोर्ट्स मोटारी आणि कोल्हापूर परिसरात त्यांना योग्य ठरणारी पंख्याची मांडणी यांचा विचार केला आहे. हवेने थंड होणारी एंजिने येथे वगळली आहेत.

उगम : मोटारीला पहिला पंखा कोणी बसवला याबद्दल एकमत नाही. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या तीनचाकीत पाणी वाफ होऊन जाई व ते पुनःपुन्हा भरावे लागे. डाइमलर कारखान्यात विल्हेल्म मायबाख यांनी १८९७ च्या सुमारास नळ्यांचा रेडिएटर तयार केला. त्यांच्याच १९०१ च्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीझमध्ये पोळ्यासारख्या जाळीचा रेडिएटर आला. त्यात ६ मिमी. बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या आणि सु. ९ लि. पाण्यावर भागत असे. मंद वेगात हवा कमी पडू नये म्हणून जाळीमागे लहान पंखा होता. पुढच्याच वर्षीच्या सिम्प्लेक्स मोटारीत मात्र गतिचक्राच्या (एंजिनाच्या दांड्यावरील जड चाकाच्या, फ्लायव्हीलच्या) आऱ्यांनाच पात्यांचा आकार दिलेला दिसतो. रेनॉच्या आरंभीच्या, एंजिनामागे रेडिएटर असलेल्या मोटारींतही गतिचक्रच हवा खेचत असे. यावरून गतिचक्राचा पंखा आधी व स्वतंत्र पंखा नंतर असा क्रम काहींनी लावला आहे. १९०१ च्या मोटारीची वर्णने पाहता तो पटत नाही. दोन्ही पद्धती काही वर्षे शेजारी शेजारी चालल्या असाव्यात, हे अधिक सयुक्तिक वाटते. पुढे गतिचक्राचा पंखा मागे पडला आणि पाण्याच्या पंपाच्या दांड्यावर बसवलेला, पट्ट्याने फिरणारा पंखा रूढ झाला.

विल्हेल्म यांचे पुत्र कार्ल मायबाख यांच्या कंपनीची, कोल्हापुरात ‘मेबॅक’ म्हणून ओळखली जाणारी मोटार छत्रपती घराण्याकडे असून शाही दसऱ्याच्या सोहळ्यात ती लोकांना पाहावयास मिळते. ती स्पोर्ट्स मोटार नव्हे. पण माणसाच्या चालीने सरकणाऱ्या मोटारीला हवा कोठून मिळणार, हा या नोंदीतला मुख्य प्रश्न दसरा चौकात दरवर्षी उभा राहतो.

स्पोर्ट्स मोटारींत विजेच्या पंख्याचे ठळक आरंभीचे उदाहरण म्हणजे १९६१ ची जॅग्वार ई-टाइप. तिचा पंखा विजेच्या मोटरवर चाले आणि तापमानाच्या स्विचने चालू-बंद होई. १९६२ मध्ये आलेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारीने पट्ट्याचा पंखा ठेवला; विजेचा पंखा तिला १९७६ मध्ये, रेडिएटर पुढे सरकवला तेव्हा मिळाला. त्याच कुळातील व्ही-८ मोटारीत (१९७३) मात्र विजेचे दोन पंखे आधीच होते. सिलिकोन तेलाच्या जोडणीवर फिरणारा पंखा मोठ्या मोटारींत अधिक आढळतो. येथे त्याचा केवळ उल्लेख पुरे.

कार्य : पंख्यातून जाणारी हवा फेऱ्यांच्या सम प्रमाणात वाढते, त्यासाठी लागणारी शक्ती मात्र फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. एंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवरून ३,२०० वर गेले, तर पट्ट्याचा पंखा चौपट हवा देतो आणि ६४ पट शक्ती खातो. म्हणून रस्त्यावर तो शक्ती फुकट घालवतो आणि उभ्या गाडीत, गरजेच्या वेळी, मंद पडतो. विजेच्या पंख्याचे तसे नाही. तो एंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून नसतो. पट्ट्याच्या पंख्यावरचा हा नेहमीचा आक्षेप खरा आहे, परंतु घाटात तो लागू पडत नाही. आंबा घाटात दुसऱ्या गिअरमध्ये ताशी २५–३० किमी.ने चढणाऱ्या मोटारीचे एंजिन जोरात फिरत असते, उष्णता भरपूर निघते, वारा कमी असतो. अशा वेळी पट्ट्याचा पंखा उत्तम काम करतो. मिरवणुकीत नेमके उलट घडते. कोल्हापूरच्या मोटारमालकाला या दोन्ही परिस्थितींना तोंड द्यावे लागते. ‘यांत्रिक की विजेचा’ असा एकच पर्याय निवडण्याची चर्चा त्यामुळे येथे अपुरी ठरते.

स्थानिक परिस्थिती : शहर समुद्रसपाटीपासून सु. ५५० मी. उंचीवर आहे. तेथे उघडे पाणी सु. ९८° से.ला उकळते आणि हवा समुद्रकाठापेक्षा सु. ५ टक्के विरळ असते. पन्हाळ्यावर दोन्ही बाबतींत आणखी घट होते. यंत्रणेतील दाब राखणारे झाकण यासाठी महत्त्वाचे. ७ पौंडाच्या (दर चौ. इंचाला ७ पौंड दाब राखणाऱ्या) झाकणाने उत्कलनबिंदू १० अंशांहून अधिक वर जातो. पंख्यावर खर्च करण्यापूर्वी झाकणाचे रबर पाहणे शहाणपणाचे. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत जावे लागते आणि पाचटाचा चुरा, धूळ जाळीत अडकते. जाळी मागून पुढे पाण्याने धुण्याचे काम त्यामुळे हंगामात अनेकदा करावे लागते.

तापमानाचा काटा नेमका कधी चढतो हे निवडीआधी पाहतात. उभ्या गाडीत चढत असेल आणि रस्त्याला लागताच उतरत असेल, तर हवा कमी पडते आहे. पंखा किंवा श्राउड (पंख्याभोवतीचे, साऱ्या जाळीतून हवा खेचायला लावणारे आवरण) सुधारून उपयोग होतो. राष्ट्रीय महामार्गावर वेगात असताना चढत असेल, तर दोष गाळाने भरलेली जाळी, मंद पाणीप्रवाह, मागे पडलेले इग्निशन (उशिरा पडणारी ठिणगी) किंवा पातळ (इंधन कमी असलेले) मिश्रण यांत असतो आणि कितीही मोठा पंखा तो झाकू शकत नाही. अनुभवी मेस्त्री हा भेद गाडी न उघडता सांगतात.

निवड : पंखा जाळीच्या मागे बसवून हवा खेचणे अधिक श्रेयस्कर. पुढून ढकलणारा पंखा बंद असतानाही वाऱ्याची वाट अडवतो. एंजिन व रेडिएटर यांच्यात जागाच नसेल तेव्हाच त्याचा विचार करावा. श्राउड नसलेला पंखा जाळीच्या आपल्या व्यासाइतक्याच भागातून हवा घेतो आणि कोपऱ्यांना हवा मिळत नाही. त्यामुळे श्राउडसह १२ इंची पंखा पुष्कळदा उघड्या १४ इंची पंख्यावर मात करतो. पंख्याच्या खोक्यावरील हवेचे आकडे बहुधा समोर जाळी नसताना मोजलेले असतात. त्यांवरून तुलना करू नये. वक्र पात्यांचा आवाज कमी, सरळ पात्यांचा अधिक.

निर्णय मात्र बहुतेक वेळा विजेवर अडतो, आणि मोटारमालक नेमके इकडेच दुर्लक्ष करतात. जुन्या ब्रिटिश मोटारींतील ल्यूकस सी-४० डायनामो (एंजिनावर फिरणारे वीजनिर्मितीचे यंत्र) पूर्ण जोरात २२ अँपिअर देतो. हेडलाइट सु. १० अँपिअर खातात, इग्निशनला ३–४ लागतात, पावसात वायपर असतात. मंद चालीत तर डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. म्हणजे पंखा लागतो तेव्हा सारा भार बॅटरीवर. ८ अँपिअरचा पंखा तासभर चालला तर ८ अँपिअर-तास जातात. ५० अँपिअर-तासांच्या निरोगी बॅटरीला एक मिरवणूक झेपते, जोडून दुसरी झेपेलच असे नाही. १६ इंची पंखा २० अँपिअरपर्यंत जातो. त्यासाठी डायनामोऐवजी अल्टर्नेटर (मंद चालीतही पुरेशी वीज देणारे यंत्र) हवाच.

या सर्वांचा विचार करता, डायनामो असलेल्या मोटारीत मूळचा पट्ट्याचा पंखा श्राउडसह कायम ठेवून जोडीला १० इंची विजेचा पंखा देणे सर्वांत निर्धोक. पट्ट्याचा पंखा काढून टाकावा असे मत प्रचलित असले, तरी ते सपाट आणि थंड प्रदेशांतील अनुभवावर बेतलेले दिसते.

बसवणी : पंख्याचा स्विच थर्मोस्टॅटपेक्षा (ठरावीक तापमानाला पाण्याची रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या झडपेपेक्षा) वरच्या तापमानाचा असावा. ८२° से.चा थर्मोस्टॅट असेल, तर पंखा सु. ९२–९५ अंशांना लागून ८५–८७ ला थांबणे योग्य. याहून खालचा स्विच घेतला तर पंखा थांबतच नाही. सोबत हाताने लावायचा वेगळा स्विच द्यावा. मोटर सुरू होताना नेहमीच्या दोन-तीन पट प्रवाह ओढते, म्हणून रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) आणि स्वतंत्र फ्यूज आवश्यक. डॅशबोर्डच्या जुन्या स्विचमधून थेट वायर नेऊ नये. इग्निशन बंद केल्यावर पंखा चालू ठेवण्याने फारसे साधत नाही, कारण पंप थांबलेला असतो आणि फक्त रेडिएटरमधलेच पाणी थंड होते.

१९६७ पर्यंतच्या एमजीबीसारख्या अनेक मोटारींत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असते. कायमचुंबकी मोटरची टोके उलटी जोडली तर पंखा उलटा फिरतो आणि गरम हवा पुढे फेकत वाऱ्याशी भांडतो. जोडणी झाल्यावर जाळीपुढे कागद धरून तो आत ओढला जातो का, एवढे पाहिले तरी पुरते. इलेक्ट्रॉनिक नियंत्रक अशा मोटारींत बहुधा चालत नाहीत.

जाळीतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या आरपार घालून पंखा लटकवण्याची पद्धत सोयीची म्हणून पसरली आहे; हादऱ्यांनी त्या पट्ट्या पितळी नळ्या घासतात आणि गळती सुरू होते. रेडिएटरच्या चौकटीला पट्टीचे ब्रॅकेट मारणे योग्य. ऑईल एंजिने व त्यांचे सुटे भाग घडवत वाढलेल्या उद्यमनगरात ब्रॅकेट आणि मापाचा पत्र्याचा श्राउड सहज बनवून मिळतो. श्राउड करवून घेताना पात्यांची निम्मी ते दोन तृतीयांश रुंदी त्याच्या तोंडात राहील आणि कडेला बोटभर मोकळी जागा सुटेल असे माप द्यावे. एंजिन रबरी आधारांवर हलते. पंखा एंजिनावर व श्राउड चौकटीवर असेल तर ही मोकळीक त्याहून कमी करता येत नाही.