घरगुती बिस्किटे (पुणे)

घरगुती बिस्किटे हा मैदा किंवा कणीक, तूप आणि पिठीसाखर यांपासून, पाणी न घालता भाजून केलेला खुसखुशीत गोड पदार्थ आहे. पुण्यातल्या मराठी घरांत त्याचे सर्वांत रुळलेले रूप म्हणजे नानकटाई. तिचे मूळ साधारणपणे सुरतेच्या डच आणि पारशी बेकऱ्यांशी जोडले जाते. त्याखालोखाल रव्याची, कणकेची आणि नाचणीची बिस्किटे होतात.

घरोघरी ओव्हन नव्हते तेव्हा बिस्किटे घरची असत आणि भट्टी बेकरीची. दिवाळीच्या तोंडावर किंवा मे महिन्याच्या सुट्टीत मैदा, रवा, तूप, साखर मोजून बेकरीत न्यायची. बेकरीवाला तिथेच पीठ तयार करून गोळे पत्र्यांवर मांडी, भट्टीत सारी आणि किलोमागे ठरलेली करणावळ घेऊन भाजलेली बिस्किटे घरून आणलेल्या डब्यात भरून देई. लाकडाच्या भट्टीत कडक आचेवर आधी पाव निघत. बिस्किटांना उतरती आच लागते, म्हणून त्यांची पाळी नंतर येई. कोणते तूप पडते आहे ते आपल्या डोळ्यांदेखत दिसते, हा या पद्धतीचा मोठाच फायदा होता. काही बेकऱ्या आजही बिस्किटे अशी करून देतात, आणि ही सोय टिकायला हवी.

घरात भाजण्याची पहिली साधने म्हणजे जाड बुडाचे पातेले किंवा कुकर. तळाशी मीठ वा वाळू पसरायची, त्यावर ताटलीसाठी घडवंची ठेवायची, कुकर असेल तर शिट्टी आणि रिंग काढायची, आणि दहा मिनिटे तापवून मग बिस्किटे आत ठेवायची. पुढे काचेच्या झाकणाचा ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला, आता ओटीजी, म्हणजे भाजणे, शेकणे अशा कामांचा छोटा विजेचा ओव्हन, आहे. कुकरमध्ये खालची बाजू लवकर लाल होते आणि वरून रंग कमी येतो. चवीत त्याने फारसे बिघडत नाही.

नानकटाईचे सोपे प्रमाण असे : मैदा 250 ग्रॅम, साजूक किंवा वनस्पती तूप 150 ग्रॅम, पिठीसाखर 125 ग्रॅम, बेसन आणि बारीक रवा दोन-दोन चमचे, चिमूट सोडा, चमचाभर दही, वेलची-जायफळ. साजूक तुपाला वास अधिक, तर वनस्पती तुपाने खुसखुशीतपणा सहज येतो. तरीही पदार्थ घरी करायचा तर साजूक तूपच वापरावे. विकतच्या बिस्किटात नेमके तेच मिळत नाही.

कृतीचा सगळा जीव तूप फेसण्यात आहे. थिजलेले तूप परातीत घेऊन तळव्याने एकाच दिशेने फेसावे, ते पांढरे आणि हलके झाले की पिठीसाखर घालून पुन्हा फेसावे. या वेळी मिश्रणात हवेचे बारीक बुडबुडे कोंडले जातात आणि भाजताना तेच फुगतात. त्यानंतर मैदा चाळून घालावा आणि फक्त गोळा होईपर्यंत एकत्र करावे. पोळीच्या कणकेसारखे मळू नये. मैद्यातली प्रथिने पाणी आणि मळणे मिळाले की चिवट जाळे (ग्लुटेन) धरतात; तूप त्यांच्यावर आवरण घालून ते रोखते, आणि म्हणूनच बिस्किट दाताखाली सहज फुटते. सोडा दह्याच्या आंबटपणाशी मिळून वायू सोडतो. तो जास्त झाला तर रंग गडद येतो आणि जिभेवर साबणासारखी चव राहते.

पुण्याच्या हवेचा हिशोब इथे ठेवावा लागतो. डिसेंबरात तूप दगडासारखे घट्ट असते, ते आधी काढून ठेवावे. एप्रिल-मेमध्ये ते पातळ होते आणि भाजताना गोळे पसरतात. अशा वेळी थापलेले गोळे पंधरा-वीस मिनिटे फ्रीजमध्ये ठेवले की आकार धरतात. गोळ्यांमध्ये बोटभर अंतर राखून, तापलेल्या ओव्हनमध्ये 160 ते 170 अंश सेल्सिअसवर 15 ते 20 मिनिटे भाजावे. कडा किंचित बदामी झाल्या की बाहेर काढावे. गरम असताना बिस्किट मऊच लागते, गार होताना कडक होते. मऊ वाटले म्हणून पुन्हा आत ठेवले की करपते.

पुण्यातल्या घरगुती बिस्किटांवर कॅम्प (लष्कर) भागातल्या बेकऱ्यांची छाप ठळक आहे. ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी 1955 साली इराणी कुटुंबाने सुरू केली. तिच्या श्रूजबेरी बिस्किटांना नाव इंग्लंडमधल्या गावाचे असले, तरी पुणेकरांच्या तोंडी ती पुण्याचीच झाली आहेत. ती घरी करू पाहणारे तुपाऐवजी लोणी घेतात आणि वेलचीऐवजी व्हॅनिला. लोण्यात पाण्याचा अंश असल्याने ही बिस्किटे नानकटाईपेक्षा थोडी अधिक कुरकुरीत होतात.

कणकेची बिस्किटे करताना कोंडा ओलावा शोषतो, म्हणून चमचाभर दूध लागते. नाचणीत ग्लुटेन नसते; एकट्या नाचणीची बिस्किटे हातात घेताच भुगा होतात, तेव्हा निम्मी कणीक मिसळावी.

पूर्ण गार झाल्यावरच हवाबंद डब्यात भरलेली बिस्किटे दोन-तीन आठवडे चांगली राहतात. पावसाळ्यात सादळली, तर 120 अंशांवर पाच-सात मिनिटे ठेवून गार केली की पुन्हा खुसखुशीत होतात.