पिवळे पडलेले प्लॅस्टिक उजळवणे

जुने संगणक, गेम कन्सोल, जोडायचे ठोकळे, खेळण्यातल्या आकृत्या अशा संग्राह्य वस्तूंवर चढलेला पिवळेपणा हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश यांच्या साहाय्याने घालवण्याची घरगुती पद्धत. संग्राहकांमध्ये ती ‘रेट्रोब्राइट’ या नावाने ओळखली जाते. हे नाव २००८ च्या सुमारास रूढ झाले.

साबणाने कितीही घासले तरी हा रंग हलत नाही, कारण तो मळ नसून प्लॅस्टिकच्या पृष्ठभागातच झालेला बदल असतो. अशा वस्तू बहुधा एबीएस (ॲक्रिलोनायट्राइल, ब्यूटाडाइन आणि स्टायरीन यांपासून बनलेल्या) प्लॅस्टिकच्या असतात. त्यातल्या ब्यूटाडाइनची हवेतल्या ऑक्सिजनशी अभिक्रिया होते आणि ऊन व उष्णता तिला हातभार लावतात. ज्वालारोधक म्हणून मिसळलेल्या ब्रोमीनयुक्त संयुगांवर ऊन पडल्यानेच हे होते, असे म्हणून पूर्वी सगळा दोष त्यांच्यावर टाकला जाई. मात्र तेवढ्यावर भागत नाही, कारण खोक्यात अंधारात ठेवलेल्या वस्तूही पिवळ्या पडतात. एकाच कन्सोलचे वरचे झाकण पिवळे आणि खालचे जसेच्या तसे, असेही दिसते. दोन्ही भागांच्या प्लॅस्टिकचे मिश्रण वेगळे असले की असे होते.

आधी वस्तू खोलून स्क्रू, स्प्रिंगा आणि सर्किट बाजूला काढतात. स्टिकर व छापील अक्षरे फिकी पडू शकतात, म्हणून तीही झाकावी लागतात. मग भाग पेरॉक्साइडच्या पातळ द्रावणात बुडवतात किंवा त्यांवर केस रंगवण्यासाठी मिळणारे १२ टक्के पेरॉक्साइडचे (४० व्हॉल्यूम) डेव्हलपर क्रीम लावतात. क्रीम सुकले की तिथे पांढुरके पट्टे उमटतात आणि ते नंतर जात नाहीत. यासाठी वर क्लिंग फिल्म गुंडाळतात आणि क्रीम अधूनमधून सारखे करतात. बुडवण्याची पद्धत त्यामानाने बिनधोक. पण ऑक्सिजनचे बुडबुडे तुकड्याखाली साचतात, तो अलगद वर तरंगतो आणि पाण्याच्या कडेची रेघ त्यावर कायमची उमटते. वर काचेचे वजन ठेवले की हे टळते. उन्हात काही तासांपासून एक-दोन दिवस लागतात. ऊन नसेल तर अतिनील दिवा किंवा कोमट द्रावणही चालते. घाई करून द्रावण तीव्र करण्यापेक्षा दर तासाला तुकडा उलटून पाहणे बरे.

एवढ्या तीव्रतेचे पेरॉक्साइड कातडीला भाजते, त्यामुळे हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. उरलेले द्रावण घट्ट बंद बाटलीत ठेवू नये, आतल्या वायूच्या दाबाने ती फुटू शकते. क्लोरीनचे ब्लीच इथे कामाचे नाही, आणि ते पेरॉक्साइडमध्ये मिसळूही नये.

या पद्धतीने रंग परततो, प्लॅस्टिकची ताकद परतत नाही. ठिसूळ झालेली खुंटी ठिसूळच राहते. काही वस्तू थोड्या वर्षांत पुन्हा पिवळ्या पडतात. विकताना वस्तू उजळवलेली असल्याचे खरेदीदाराला सांगणे योग्य, कारण मूळ पिवळटपणासह जपलेली वस्तूच पसंत करणारे संग्राहकही असतात.