द्विग्रंथी आसंजन

समुद्रकाठच्या वाळूत राहणारे अनेक बारीक चपटे कृमी कणाला घट्ट चिकटतात आणि सेकंदभराच्या आत सुटूनही जातात. हे काम शेजारी शेजारी असलेल्या दोन ग्रंथी करतात. एक चिकटवते, दुसरी सोडवते. म्हणून या यंत्रणेला द्विग्रंथी आसंजन, म्हणजे दोन ग्रंथींनी चिकटणे, म्हणतात. प्राणिशास्त्रज्ञ सेथ टायलर यांनी १९७६ मध्ये अनेक जातींच्या कृमींमधील या ग्रंथींची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तुलना केली, आणि पुढचा अभ्यास त्या पायावर उभा राहिला.

भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाळू सतत ढवळली जाते. तिथे दीड-दोन मिलिमीटरच्या जिवाने काही धरले नाही तर तो लाटेबरोबर वाहून जाईल. मात्र कायमचे चिकटून राहणेही त्याला परवडत नाही. कोकण-गोव्याच्या खडकांवरचे शिनाणे हे शिंपले चिवट धाग्यांनी जागीच बसून राहतात, कारण त्यांचे अन्न पाण्याबरोबर त्यांच्यापर्यंत येते. कृमीला मात्र ते शोधत हिंडावे लागते.

या यंत्रणेची सर्वात बारकाईने तपासणी मॅक्रोस्टोमम लिग्नानो या कृमीत झाली आहे. उत्तर इटलीतील एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या लिग्नानो गावावरून त्याचे नाव पडले आणि जातीचे शास्त्रीय वर्णन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक विद्यापीठात त्यावर दीर्घकाळ संशोधन चालू आहे. प्राणी पारदर्शक असल्याने जिवंतपणीच त्याचे आतले अवयव दिसतात. डायटम शैवालावर तो प्रयोगशाळेत सहज वाढतो, आणि त्याची एकेक जनुके निष्क्रिय करून पाहता येतात. शेपूट कापली तर ती चिकटण्याच्या अवयवांसकट पुन्हा उगवते.

हे अवयव शेपटीच्या रुंद टोकावर घोड्याच्या नालेच्या आकारात मांडलेले असतात. त्यांची संख्या सुमारे १३० असते आणि प्रत्येकात फक्त तीन पेशी असतात: चिकटद्रव्य स्रवणारी, मोकळे करणारा स्राव देणारी आणि नांगरपेशी. नांगरपेशी ही त्वचेचीच बदललेली पेशी आहे. दोन्ही ग्रंथींच्या नळ्या तिच्यातून बाहेर पडतात आणि नळ्यांच्या तोंडाशी तिच्या सूक्ष्म बोटांसारख्या उंचवट्यांचे कडे असते. या उंचवट्यांना आतून तंतूंचा आधार असतो. त्या तंतूंचे प्रथिन तयार होऊ दिले नाही तर कृमीला चिकटता येत नाही. म्हणजे नुसता गोंद पुरत नाही. ताण पेलणारी भक्कम पेशीही लागते.

चिकटद्रव्यातील दोन मुख्य प्रथिनांची ओळख २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही प्रथिने अवाढव्य असून त्यांत हजारो अमिनो आम्लांच्या साखळ्या आहेत. एक प्रथिन पृष्ठभागाला धरते. दुसरे त्या पहिल्याला नांगरपेशीवरील शर्करायुक्त आवरणाशी जोडते. दोन्हींपैकी एक जरी नसले तरी पकड बसत नाही.

खरे कुतूहल सुटण्याचे आहे. पाण्याखाली ओल्या पृष्ठभागाला चिकटणेच अवघड, आणि लागलेला गोंद इतक्या लवकर सैल करणे त्याहून अवघड. याचे उत्तर कृमी मागे ठेवतो त्या ठशात आहे. प्रयोगशाळेत तो काचेवरून निघून गेला तरी चिकटद्रव्य काचेवर तसेच राहते. याचा अर्थ गोंद आणि काच यांचा जोड तुटत नाही. कृमी आपल्या बाजूचा जोड सोडतो. संशोधकांनी मांडलेल्या स्पष्टीकरणानुसार दुवा जोडणाऱ्या प्रथिनावर धन विद्युतभार असतो. सोडवणाऱ्या ग्रंथीतून ऋणभारित लहान रेणू येतात, त्या प्रथिनाला स्वतःकडे ओढतात आणि आवरणाची पकड सुटते. यात गोंद विरघळवावा लागत नाही, हे या कल्पनेचे बळ आहे. पुढच्या वेळी कृमी नवा गोंद स्रवतो.

माशांच्या त्वचेवर जगणारे मोनोजेनिया गटातील परजीवी चपटे कृमीही तात्पुरते चिकटतात. मागच्या बाजूचे आकडे सोडून जागा बदलताना ते डोक्याकडच्या चिकट स्रावाने आधार घेतात. चपट्या कृमींशी दूरचेच नाते असलेल्या तारामाशाच्या नलिकापादांतही (नळीसारख्या बारीक पायांतही) चिकटवणाऱ्या आणि सोडवणाऱ्या पेशींची जोडी आढळते, आणि तोही मागे ठसा ठेवून जातो. गोड्या पाण्यातील हायड्राला मात्र सोडवणारी ग्रंथी नसते. तो स्नायूंच्या आकुंचनाने आपला तळ उचलून घेतो, असे मानले जाते.