हुला (मोठेपणी शिकायला घेताना)

हुला हा हवाई बेटांवरचा पारंपरिक नाच. पॉलिनेशिया म्हणजे पॅसिफिक महासागरात हवाई, न्यूझीलंड आणि ईस्टर आयलंड या तीन टोकांमधला भलामोठा त्रिकोण, आणि त्यातल्या प्रत्येक बेटसमूहाचा नाच वेगळा आहे, ताहितीचा ओतेआ वेगळा, सामोआचा सिवा वेगळा, माओरींचा हाका तर अजूनच वेगळा. ढोलांच्या तालावर झपाझप कंबर हलवणारा जो नाच व्हिडिओत हुला म्हणून फिरतो तो बऱ्याचदा ताहितीचा असतो. आणि तो गवताचा स्कर्टही मूळ हवाईचा नाही, गिल्बर्ट बेटांवरून आलेल्या मजुरांबरोबर तो तिथे पोचला, हवाईचं आपलं म्हणजे झाडाच्या सालीचं कापा कापड आणि ती नावाच्या झाडाची हिरवी पानं.

हुलात आधी शब्द, मग नाच. ज्या गाण्यावर किंवा मंत्रासारख्या पठणावर नाचतात त्याला मेले म्हणतात, आणि मेले नसेल तर हुला होतच नाही. हात पाऊस, लाट, डोंगर, फूल, आठवण असं सगळं दाखवतात, पण ते शब्दाच्या मागून जातात. शिवाय एका शब्दाखाली दुसरा अर्थ दडलेला असतो, त्याला काओना म्हणतात, पावसाचं गाणं खरं तर कुणाच्या तरी प्रेमाचं असू शकतं. म्हणून मोठ्या वयात शिकणाऱ्याला सगळ्यात जड काय जातं तर कंबर नाही, भाषा. हवाईयन भाषेत ऱ्हस्व-दीर्घ आणि स्वरांच्या मधे घशात घेतलेली छोटी थांब यांनी अर्थ पार बदलतो, पाउ म्हणजे संपलं आणि मधे थांबून लांबवलेलं पा-ऊ म्हणजे नाचाचा घेरदार स्कर्ट. आपण मराठी लोक लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ पाळतो पण बोलताना फारसे पाळत नाही, ती सवय इथे मोडावी लागते.

शाळेला हालाऊ म्हणतात, गुरूला कुमु, शिष्यांना हाउमाना. पुष्कळ हालाऊंमध्ये दारात उभं राहून आधी आत येण्याची परवानगी मागणारा ओली, म्हणजे नाचाशिवायचं पठण, म्हणायचा आणि आतून उत्तर आलं की मगच आत जायचं. कुमुनं "होओमाकाउकाउ" म्हणजे तयार व्हा असं म्हटलं की सगळे "आए" म्हणतात. डोळ्यांनी बघ, कानांनी ऐक, तोंड बंद ठेव, अशी तिथली जुनी म्हण आहे. ऑफिसात वीस वर्षं काढलेल्या माणसाला दर पावलाला "हे असंच का" विचारायची सवय असते, आणि माझ्या मते मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याची खरी परीक्षा इथेच होते, कारण बऱ्याच प्रश्नांची उत्तरं तीच हालचाल शंभरदा केल्यावर आपोआप मिळतात.

आता पावलं. सगळं गुडघ्यांवर आहे. गुडघे वाकलेले, खांदे स्थिर, पाय अनवाणी. नवीन माणूस कंबर मुद्दाम फेकतो ते चुकतं, गुडघे नीट वाकवून वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेलं की कंबर आपसूक झुलते, त्या झुलण्याला काओ म्हणतात. पहिल्यांदा बहुतेक काहोलो शिकवतात, चार मात्रांत बाजूला पाऊल, दुसरं जवळ, परत पाऊल, परत जवळ, आणि मग तेच उलट्या दिशेला. हेलामध्ये एक पाय तिरका पुढे टेकवून परत आणायचा, आमी म्हणजे कंबर गोल फिरवणं, आणि उवेहेमध्ये एक पाय उचलून ठेवला की लगेच दोन्ही टाचा वर आणि गुडघे पुढे. उवेहे दुखऱ्या गुडघ्यांना त्रास देतं, हे कुमुला आधीच सांगावं.

प्रकार मुख्यतः दोन. काहिको म्हणजे जुना, पठण आणि भोपळ्याच्या इपुवर किंवा शार्कच्या कातड्यानं मढवलेल्या पाहु ढोलावर, आणि आउआना म्हणजे नंतरचा, गिटार-उकुलेलेच्या साथीवरचा. नवशिक्यांना आउआना सोपा वाटतो, वाटतो फक्त, कारण तिथे सावकाश हालचालीत प्रत्येक बोट दिसतं.

हा नाच टिकला हेच मोठं आहे. ख्रिस्ती झालेल्या राणी काआहुमानूनं 1830 मध्ये जाहीर हुलावर बंदी घातली, लोकांनी तो खेड्यापाड्यांत आणि घराघरांत जपला, आणि राजा कालाकाऊआनं 1883 मधल्या आपल्या राज्याभिषेक सोहळ्यात तो पुन्हा उघडपणे सगळ्यांसमोर आणला. हा राजा 1881 च्या जगप्रवासात मुंबईतूनही गेला होता. त्याच्याच टोपणनावाचा मेरी मोनार्क महोत्सव हिलो गावात दरवर्षी ईस्टरच्या सुमारास भरतो, तिथली हुला स्पर्धा 1971 पासून चालू आहे.

वयाची अडचण हुलात खरंच कमी आहे. आज्या तिथे मानानं नाचतात, आणि जपानमध्ये तर शिकणाऱ्यांत मोठ्या वयाच्या बायका खूप आहेत. हवाईत रक्तदाब जास्त असलेल्या 263 मूळ हवाईयन माणसांवर काहोलो नावाचाच एक अभ्यास झाला, त्यात हुला शिकलेल्या गटाचा वरचा रक्तदाब सहा महिन्यांत दुसऱ्या गटापेक्षा जास्त उतरला.

अमेरिकेत, खास करून कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना हालाऊ सापडणं अवघड नाही. जायच्या आधी कुमुचा कुमु कोण होता ते विचारावं, घराणं विचारण्यात तिथे काही वावगं नाही, चांगले कुमु ते नाव स्वतःहून आणि आदरानं घेतात.